हात कामात, कान गोष्टीत

पॉडकास्ट ऐकायला सुरुवात करायची असेल तर लगेच मोबाइल हातात घेऊ नका, आधी आपला रोजचा दिवस आठवा. हात आणि डोळे कामात अडकलेले आहेत पण डोकं मोकळं आहे, अशा वेळा दिवसात कोणत्या येतात ते बघा. कपड्यांच्या घड्या घालणं, इस्त्री, मेथी निवडणं, ओटा आवरणं, सकाळचं फिरणं, कल्याणहून सीएसएमटीला जाणारी लोकल, गावाकडे रात्रीची लाइट असेल तेव्हा पिकाला पाणी देताना दारं धरणं. हा वेळ आपल्याकडे आधीपासूनच आहे. पुस्तकाला तो चालत नाही, कारण पुस्तकाला डोळे लागतात. व्हिडिओचंही तेच. कानांना मात्र त्या वेळात काहीच काम नसतं.

रोजचा अर्धा तास धरला तरी वर्षाकाठी १८० तासांच्या वर भरतात. तेवढ्यात एखाद्या विषयाशी चांगली ओळख होते. पण हा हिशेब मला फार ताणायचा नाही. पॉडकास्ट ऐकायचं पहिलं कारण आनंद हेच आहे. एखादा जाणकार माणूस आपल्या कामाविषयी बोलताना मध्येच थांबतो, शब्द शोधतो, आधी बोललेलं दुरुस्त करतो, एखाद्या आठवणीने त्याचा आवाज बदलतो. छापील लेखात हे सगळं गाळून येतं. कानावर ते जसंच्या तसं पडतं आणि माणूस विचार कसा करतो हे कळत जातं. समोर चित्र नसल्यामुळे जागा, चेहरे, वस्तू आपल्याच मनात उभ्या राहतात. मला तरी या माध्यमाचं सर्वांत मोठं सुख हेच वाटतं.

कोणत्या कामाबरोबर काय ऐकावं, याचा विचार जरूर करा. बरेच जण इथेच कंटाळून सोडून देतात आणि दोष कार्यक्रमाला देतात. साधा नियम असा की ज्या कामात शब्द किंवा आकडे लागतात त्या कामाबरोबर ऐकणं जमत नाही. मेल लिहिणं, हिशेब करणं, मुलाचा अभ्यास घेणं, यादी वाचून सामान भरणं, या सगळ्यात डोक्याचा भाषेचा भाग आधीच गुंतलेला असतो. मग दोन्ही कामं अर्धवट होतात. उलट मेथीची जुडी सोडून पानं खुडायला बसलात तर बोटांना काय करायचं ते पाठ असतं. पिवळं पान बाजूला, कोवळा देठ ठेवायचा, जून देठ टाकायचा, एवढं करताना मुघल दरबारातलं वारसाहक्काचं राजकारणसुद्धा नीट समजतं. पण पहिल्यांदाच अनारसे करत असाल तर गोष्ट बंद करावी. तिथे पिठाकडेच लक्ष हवं.

चालताना कान सर्वांत चांगले उघडे असतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून गुंतागुंतीचा, नवा, परक्या भाषेतला विषय मी फिरण्यासाठी राखून ठेवते. लोकलच्या गर्दीत मात्र दर दोन मिनिटांनी लक्ष तुटतं. कुणाला जागा द्यायची असते, कुणी ‘पुढे उतरणार का’ विचारतं, फलाट बदलल्याची घोषणा होते. तिथे गप्पांचा, सैल विणीचा कार्यक्रम बरा, मधलं एखादं वाक्य निसटलं तरी धागा हातात राहतो. लांब पल्ल्याच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली तर तास-दीड तासाची एकच मोठी गोष्ट लावा. रस्ता ओलांडताना आणि दुचाकी चालवताना कानात काही नको. इथे मला तडजोड मान्य नाही.

आता तांत्रिक बाजू, थोडक्यात. पॉडकास्ट म्हणजे मालिकेसारखा भागाभागांत येणारा ध्वनिमुद्रित कार्यक्रम. करणारा माणूस भाग इंटरनेटवर चढवतो आणि त्याची नोंद ‘फीड’ नावाच्या एका यादीत होते. आपल्या मोबाइलमधलं ॲप ती यादी तपासत राहतं आणि नवा भाग आला की आपल्यापुढे ठेवतं. डेव्ह वायनर आणि ॲडम करी यांच्यासारख्या मंडळींनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही पद्धत घडवली. २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली आणि ती सर्वदूर पोचली. यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की ही यादी कुणा एका कंपनीच्या मालकीची नसते. म्हणून बहुतेक कार्यक्रम कोणत्याही ॲपमध्ये मिळतात आणि फुकट मिळतात. एका ॲपने पैसे मागितले तर तोच कार्यक्रम दुसरीकडे आहे का ते आधी बघा.

ॲप कोणतं घ्यावं? आयफोनवर ॲपलचं पॉडकास्ट ॲप आधीच असतं. अँड्रॉइडवर ‘अँटेनापॉड’ फुकट आहे, त्यात खातं उघडावं लागत नाही आणि ॲपच्या स्वतःच्या जाहिराती नसतात. ‘पॉकेट कास्ट्स’ही चांगलं आहे. गाण्यांसाठी स्पॉटिफाय किंवा जिओसावन आधीच वापरत असाल तर त्यातही पॉडकास्ट मिळतात. मराठीतले पुष्कळ कार्यक्रम यूट्यूबवर असतात, पण तिथे एक अडचण आहे. पैसे भरले नसतील तर मोबाइलचा पडदा बंद केला की आवाजही बंद होतो. मग चालू पडदा खिशात ठेवून फिरावं लागतं, बॅटरी संपते, भलतंच काही दाबलं जातं. तोच कार्यक्रम पॉडकास्ट ॲपमध्ये असेल तर तिथेच ऐका.

नेटचा खर्चही बघा. सर्वसाधारण प्रतीच्या, म्हणजे १२८ केबीपीएसच्या ध्वनिफितीला तासाला साधारण ५८ एमबी लागतात. ६४ केबीपीएसची असेल तर २९ एमबीच्या आसपास. नुसत्या बोलण्याला तेवढा दर्जा पुरतो. व्हिडिओच्या मानाने हे फारच थोडं आहे. तरीही रात्री घरच्या वायफायवर दुसऱ्या दिवसाचे दोन भाग उतरवून ठेवण्याची सवय लावा. घाटात रेंज जाते, बोगद्यात जाते, आणि गोष्ट नेमक्या जागी तुटली की चिडचिड होते. ॲपमधली दोन बटणं शिकून घ्या. एक, दहा-पंधरा सेकंद मागे नेणारं. लक्ष उडालं की लाज न बाळगता ते दाबावं. दुसरं, ठरवलेल्या वेळाने आवाज बंद करणारं, झोपेचं टायमर. आवाज वाढवलेल्या वेगाने ऐकण्याचीही सोय असते. एखादा वक्ता फारच संथ असेल तर थोडा वेग वाढवायला हरकत नाही. पण चांगल्या बोलणाऱ्याचा ठेका मोडू नये. तो जिथे थांबतो तिथे काहीतरी सांगत असतो.

एवढी तयारी झाली की प्रश्न उरतो तो काय ऐकावं हा. माझा सल्ला असा की एकदम वीस कार्यक्रमांना ‘फॉलो’ करू नका. एकच निवडा. त्याचे तीन भाग ऐका, आणि नवा भाग ऐकण्याआधी आपल्याला सर्वांत जास्त रस असलेल्या विषयावरचा त्याचा जुना भाग शोधा. जो विषय आपल्याला चांगला येतो त्यावर कार्यक्रमाचा निवेदक कसा बोलतो ते बघितलं की त्याची पारख होते. शेतकऱ्याने शेतीवरचा भाग ऐकावा, शिक्षकाने शाळेवरचा, परिचारिकेने रुग्णालयावरचा. तिथे तो सांभाळून, नीट बोलत असेल तर इतर विषयांवरही त्याच्यावर थोडा भरवसा ठेवता येतो.

सुरुवातीसाठी मी पुष्कळांना ‘अ हिस्टरी ऑफ द वर्ल्ड इन १०० ऑब्जेक्ट्स’ ही इंग्रजी मालिका सुचवते. बीबीसी रेडिओ ४ आणि ब्रिटिश म्युझियम यांनी २०१० मध्ये ती केली. संग्रहालयाचे तेव्हाचे संचालक नील मॅकग्रेगर एका भागात एकच वस्तू घेतात आणि साधारण पंधरा मिनिटं तिच्याविषयी बोलतात. असे शंभर भाग. वस्तू आपल्याला दिसत नाही, आणि तीच तर या मालिकेची गंमत आहे. टांझानियातल्या ओल्डुवाई घळीतला, आदिमानवाने धार काढलेला दगड ते आपल्या हाती देतात तो फक्त शब्दांनी. त्याची कड, त्याचं वजन, त्याने हाडं फोडून मगज काढण्याची कल्पना. तेराव्या भागात सिंधू संस्कृतीची छोटीशी मुद्रा येते. तिच्यावर एकशिंगी दिसणारा प्राणी आहे, वर चिन्हांची ओळ आहे, आणि ती चिन्हं अजून कुणाला निर्विवाद वाचता आलेली नाहीत. शंभरावी वस्तू आहे सौरऊर्जेवर चालणारा दिवा आणि त्याचा चार्जर. भाग छोटे आहेत, प्रत्येक भाग स्वतंत्र आहे, इंग्रजी स्वच्छ आहे. रोज भांडी आवरताना एक ऐकला तर सव्वातीन महिन्यांत मालिका संपते. या वस्तू त्या संग्रहालयात कशा पोचल्या, हा प्रश्न ऐकताना आपल्या मनात येणारच. तो येऊ द्या. चांगल्या ऐकण्यात प्रश्न दाबायचे नसतात.

हे आवडलं तर ‘इन अवर टाइम’कडे वळा. १९९८ पासून बीबीसी रेडिओ ४ वर चालू असलेला हा कार्यक्रम मेल्विन ब्रॅग यांनी २०२५ पर्यंत चालवला. एक विषय आणि विद्यापीठांतले तीन अभ्यासक, बस. विषय कृष्णविवरांपासून कलेपर्यंत कुठलाही असतो. त्यांच्या काळातल्या भागांत ब्रॅग पाहुण्यांची ओळख एका ओळीत उरकतात, पहिल्या मिनिटात विषयाला हात घालतात आणि कुणी भरकटलं की सभ्यपणे पण ठामपणे परत आणतात. आपल्याकडे मुलाखत घेणाऱ्यांनी हे शिकण्यासारखं आहे. या भागांच्या पॉडकास्टमध्ये शेवटी एक जादा तुकडा जोडलेला असतो. रेडिओवरचा वेळ संपल्यावर ‘काय सांगायचं राहून गेलं?’ असं ब्रॅग पाहुण्यांना विचारतात. मग अभ्यासक सैलावतात, एकमेकांशी थोडे वाद घालतात, आणि कार्यक्रमाचा निर्माता आत येऊन चहा हवा की कॉफी असं विचारतो. मला तो तुकडा फार आवडतो. विद्वान माणसं मैफल संपल्यावर कशी बोलतात ते आपल्याला एरवी कुठे ऐकायला मिळणार?

लांबलचक प्रवासाची ओढ असेल तर माइक डंकन यांची ‘द हिस्टरी ऑफ रोम’ आहे. एकट्या माणसाने २००७ ते २०१२ या काळात रोमचा इतिहास सुरुवातीपासून पश्चिमेकडच्या साम्राज्याच्या अंतापर्यंत सांगितला. मोठी संस्था पाठीशी नव्हती. पहिल्या भागांतला आवाज आणि शेवटच्या भागांतला आवाज यांत फरक जाणवतो, सांगण्याची हातोटी सुधारत गेलेली दिसते. भारताच्या इतिहासाशी जोडलेलं हवं असेल तर विल्यम डॅलरिंपल आणि अनिता आनंद यांची २०२२ मध्ये सुरू झालेली ‘एम्पायर’ ऐका. तिची सुरुवातच ईस्ट इंडिया कंपनी आणि भारतातलं ब्रिटिश राज्य या विषयाने झाली. अमित वर्मा यांचा ‘द सीन अँड द अनसीन’ हा भारतीय इंग्रजी कार्यक्रम २०१७ पासून चालू आहे. त्याचे अनेक भाग काही तासांचे असतात. ते एका बैठकीत ऐकायचे नसतात, आठवडाभर पुरवायचे असतात. हिंदी चालत असेल तर सार्वजनिक धोरणांवर गप्पा मारणारी ‘पुलियाबाजी’ माझ्या आवडीची आहे. अवघड अर्थशास्त्र कट्ट्यावर बसून बोलावं तसं बोलतात.

मराठीत काय? बीबीसी मराठीची ‘सोपी गोष्ट’ बातमीतला एकच गुंता घेते आणि थोड्या मिनिटांत सोडवते, चहा होईपर्यंत एक भाग होतो. ‘अमुक तमुक’ नातेसंबंध, मानसिक आरोग्य, खाणंपिणं अशा विषयांवर जाणकारांशी सविस्तर बोलतं. ‘मित्रम्हणे’मध्ये नाटक-सिनेमा-संगीतातली माणसं भेटतात, ‘थिंक बँक’मध्ये राजकारण आणि अर्थकारण. यांतल्या गप्पा मला आवडतात. एक तक्रारही आहे आणि ती आपुलकीची आहे. मराठी पॉडकास्ट म्हटलं की आज बहुतेक ठिकाणी दोन खुर्च्या, दोन माइक आणि दोन तासांची मुलाखत एवढाच साचा दिसतो. आवाजाने गोष्ट रचणारे, जागेवर जाऊन ध्वनी टिपणारे, मेहनतीने संपादन केलेले कार्यक्रम आपल्याकडे कमी आहेत. ज्या भाषेत कीर्तनकाराने चिपळ्या-मृदंगाच्या साथीने रात्र रात्र माणसं बसवून ठेवली, त्या भाषेत हे व्हायला हवं. मुलाखत निवडताना डोळे मिटून पाच मिनिटं ऐका. पाहुणा ‘हे बघा असं’ म्हणून हाताने दाखवत असेल आणि मुलाखतकार ते शब्दांत सांगत नसेल, तर तो कार्यक्रम कानासाठी केलेला नाही.

मराठी माध्यमात शिकलेल्या आणि इंग्रजी ऐकताना गडबडणाऱ्या मुलामुलींना माझं वेगळं सांगणं आहे. बीबीसीचा ‘६ मिनिट इंग्लिश’ घ्या. दोन निवेदक रोजच्या एखाद्या विषयावर सहा मिनिटं बोलतात, सुरुवातीला एक प्रश्न विचारतात, त्याचं उत्तर शेवटी देतात, आणि मध्ये सहा शब्द किंवा वाक्प्रचार समजावून सांगतात. प्रत्येक भागाची संहिता त्यांच्या संकेतस्थळावर असते. पद्धत अशी ठेवा. पहिल्यांदा नुसतं ऐका, समजलं तेवढं समजलं. दुसऱ्यांदा संहिता समोर धरून ऐका आणि कानाला न कळलेल्या जागी पेन्सिलने खूण करा. तिथे बहुतेकदा शब्द अनोळखी नसतात, दोन शब्द एकमेकांना चिकटून उच्चारलेले असतात. तिसऱ्यांदा त्या जागा मागे नेऊन पुन्हा पुन्हा ऐका आणि निवेदकाच्या पाठोपाठ मोठ्याने म्हणा. खोलीत कुणी नसेल अशी वेळ निवडा म्हणजे संकोच होणार नाही. चौथ्यांदा संहिता बाजूला ठेवून ऐका. एका भागाला चार दिवस दिले तरी चालतील. रोज नवा भाग अर्धवट ऐकण्यापेक्षा एकच भाग पुरता कानात मुरवलेला केव्हाही चांगला. मुलाखतीच्या किंवा परीक्षेच्या तयारीसाठी हजारोंचे क्लास लावण्याआधी हा बिनपैशाचा उपाय दोन महिने नेटाने करून बघा.

कानांची काळजी घ्यायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसांनी ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. ९० डेसिबलवर हीच मर्यादा आठवड्याला ४ तासांवर येते. लहान मुलांसाठी ४० तासांकरता ७५ डेसिबल सांगितले आहेत. मोबाइलमध्ये डेसिबल मोजण्याची सोय असेल तर ती चालू करा, नसेल तर आवाज कमाल पातळीच्या साठ टक्क्यांच्या आत ठेवा. खरा धोका गोंगाटात असतो. लोकलच्या दारात वारा आणि रुळांचा आवाज एवढा असतो की आपण नकळत आवाज चढवत नेतो. बाहेरचा आवाज अडवणारे, कानात नीट बसणारे इअरफोन घेतले तर हळू आवाजातही ऐकू येतं. ऐकून झाल्यावर कानात शिटी वाजल्यासारखं होत असेल तर आवाज जास्त होता असं समजा, आणि तसं वारंवार होत असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

ऐकलेलं सगळं खरं मानू नका, हे वाचलेल्या मजकुराला जितकं लागू आहे त्याहून आवाजाला जास्त लागू आहे. दोन तास एखादा माणूस आपल्या कानात प्रेमाने बोलत असतो, त्याची सवय होते, ओळख झाल्यासारखी वाटते आणि आपण त्याला शंका विचारणं सोडून देतो. म्हणून मी काही गोष्टींकडे लक्ष ठेवते. पाहुणा एखादा दावा करतो तेव्हा ‘हे तुम्हाला कसं कळलं?’ असं कुणी विचारतं का? उलट बाजू मांडली जाते का? पाहुणा स्वतःचा कोर्स, औषध किंवा गुंतवणुकीची योजना विकायला आलाय का? जाहिरात निवेदकाच्याच आवाजात येते तेव्हा ती जाहिरात असल्याचं स्पष्ट सांगितलं जातं का? मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांची सुरू असलेली गोळी एखाद्या भागातलं ऐकून बंद करू नका. आपल्या डॉक्टरांना विचारा. शेअर बाजाराबाबतही हेच. चांगला कार्यक्रम चूक झाली तर पुढच्या भागात ती दुरुस्त करतो. असा कार्यक्रम सापडला तर जपून ठेवा.

गुन्हेगारीच्या गोष्टींबद्दल मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण त्यांचा श्रोतावर्ग मोठा आहे. २०१४ मध्ये सेरा केनिग यांच्या ‘सीरियल’ने पॉडकास्ट जगभर घराघरांत नेलं. बाल्टिमोरमध्ये १९९९ साली हे मिन ली या शाळकरी मुलीचा खून झाला आणि तिचा पूर्वीचा मित्र अदनान सय्यद याला जन्मठेप झाली. पुरावा पुरेसा होता का, हे शोधत केनिग आठवड्यामागून आठवडा श्रोत्यांना बरोबर नेत होत्या. काम कसदार होतं, त्यातून खटल्याकडे नव्याने बघितलं गेलं. २०२२ मध्ये शिक्षा रद्द झाली, पुढे ती पुन्हा कायम ठरली, आणि २०२५ मध्ये न्यायालयाने ती भोगलेल्या काळापुरती कमी केली. पण या सगळ्या वर्षांत त्या मुलीच्या घरच्यांना आपलं दुःख जगाच्या चर्चेचा विषय झालेलं बघावं लागलं. असे कार्यक्रम ऐकू नयेत असं मी म्हणत नाही. मेलेल्या माणसाचं नाव, आयुष्य, स्वभाव जिथे सांगितला जातो ते ऐका. जिथे फक्त रक्त आणि धक्के मोजले जातात ते सोडा. आणि रात्री झोपताना तर नकोच.

झोपताना मुलांना गोष्ट लावायची असेल तर टायमर वीस मिनिटांवर ठेवा आणि मोबाइल पालथा, हात पोचणार नाही इतका लांब. पडदा दिसला की मूल गोष्ट सोडून पडद्यामागे लागतं. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या आईवडिलांना मी मराठी गोष्टी लावायला आग्रहाने सांगेन. घरात आईबाबांचं मराठी कानावर पडतं ते ‘जेवलास का, चल लवकर, बूट घाल’ एवढंच असतं. गोष्टीत राक्षस येतो, म्हातारी येते, पाऊस येतो आणि त्यांच्याबरोबर शब्द येतात.

घरातल्या वडीलधाऱ्यांना पॉडकास्टची ओळख करून द्यायची असेल तर त्यांना ॲप शिकवू नका, बटण द्या. डोळ्यांना कमी दिसू लागलं की पेपर सुटतो, पोथी सुटते, आणि दुपार फार लांब होते. त्यांच्या मोबाइलच्या पहिल्या पानावर एकच चिन्ह ठेवा. आवडीचा एकच कार्यक्रम निवडून नवे भाग आपोआप उतरतील अशी सोय करा. कानात घालायची इअरफोनची बोंडं त्यांना बहुधा नको असतात, त्यापेक्षा चांगल्या मोठ्या बटणांचा छोटा स्पीकर पलंगाशेजारी ठेवा. पहिले काही दिवस त्यांच्या शेजारी बसून ऐका. ‘आई, तो काय म्हणाला गं मघाशी?’ असं विचारा. त्यांना सांगायला मिळालं की ऐकण्यात रस वाढतो. आकाशवाणीवर ज्यांचं अर्धं आयुष्य गेलं त्यांच्यासाठी ऐकणं नवं नाही, फक्त नवा खटका शोधायचा असतो.

आकाशवाणीवरून एक गोष्ट आठवते ती ठरलेल्या वेळेची. १ एप्रिल १९५५ ला पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ सुरू झालं आणि १९ एप्रिल १९५६ पर्यंत आठवड्यामागून आठवडा ५६ गीतं प्रसारित झाली. लोक त्या वेळेची वाट बघत, शेजारच्या घरी रेडिओपुढे जाऊन बसत. पॉडकास्टने वेळेचं ते बंधन काढून टाकलं. कधीही ऐका, कुठेही थांबवा. सोय मोठी आहे, पण त्याबरोबर वाट बघण्याचा आनंद गेला. तो आपल्यालाच परत आणता येतो. एखाद्या कार्यक्रमाला वार नेमून द्या. रविवारी सकाळी पोहे होताना हा, बुधवारी इस्त्रीला तो. घरातली दोन माणसं मिळून एकच मालिका ऐकत असतील तर एकमेकांना सोडून पुढचा भाग ऐकायचा नाही, असं ठरवा. जेवताना त्यावर बोलणं होतं आणि बोललेलं लक्षात राहतं. एकट्याने ऐकत असाल तर भाग संपल्यावर लगेच दुसरा लावू नका. दोन मिनिटं शांत राहा आणि ऐकलेल्यातली एक गोष्ट वहीत एका ओळीत लिहा. ॲपमध्ये न ऐकलेल्या भागांचा ढीग साचला तर बेलाशक पुसून टाका. आणि दिवसातला एखादा फेरफटका कानात काहीही न घालता मारा. पक्षी, शेजारी, स्वतःचे विचार, त्यांनाही कान हवेत.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे. तुम्हाला आवडणारा मराठी कार्यक्रम एखाद्या छोट्या खोलीत, नोकरी सांभाळून, पदरचे पैसे घालून कुणीतरी करत असण्याची शक्यता मोठी आहे. नुसतं ‘लाइक’ करून थांबू नका, त्यांना मेल लिहा. कोणता भाग आवडला, त्यातला कोणता प्रसंग आवडला, कुठे पाहुण्याला अडवायला हवं होतं, कोणत्या भागात एका माइकचा आवाज खोल गेलाय, तुमच्या तालुक्यात कुणाला भेटायला हवं, असं नेमकं लिहा. चूक सापडली असेल तर ती कितव्या मिनिटाला आहे तेही कळवा. मग तो भाग ज्या एका माणसाला खरोखर आवडेल असं वाटतं त्याला फोन करा, का ऐकायचा ते सांगा आणि मग दुवा पाठवा.